नांदी चुकवू नये

दौलताबादचा किल्ला दाखवणारा वाटाड्या चांदमिनार दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो, अंधारीच्या भुयारात नेऊन माणसांबरोबर वटवाघळांनाही घाबरवतो आणि महंमद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी इथं कशी आणली ते रंगवून सांगतो. शार्ङ्गदेवाचं नाव मात्र तो सहसा घेत नाही. तुघलकाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, गावाचं नाव देवगिरी होतं आणि गादीवर यादव राजा सिंघण होता, तेव्हा हा गृहस्थ दरबाराच्या हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत येऊन राहिलेले. जमाखर्चातून वेळ काढून त्यानं ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. गाणं, वाजवणं आणि नाचणं ही तिन्ही मिळून संगीत होतं, असं तो त्यात सुरुवातीलाच सांगून टाकतो. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे पंडित आजही या ग्रंथावर हक्क सांगतात.

त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्यात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. किर्लोस्करांच्या डोळ्यापुढे शार्ङ्गदेव होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्या शब्दात व्याख्येतला ऐसपैसपणा उतरला होता. नट बोलणार, बोलता बोलता गाणार, समोर साथीदार वाजवणार आणि या सगळ्यातून गोष्ट पुढे सरकणार.

आज दौलताबादेत राहून ज्याला या नाटकांचं वेड लागलं आहे, किंवा लावून घ्यायचं आहे, त्याची अडचण उघड आहे. जवळचं नाट्यगृह पंधरा किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात. तिथंही संगीत नाटकाचा प्रयोग क्वचित लागतो. बालगंधर्वांना पाहिल्याच्या गोष्टी सांगणारी आजी पुण्या-सांगलीच्या घरांत असायची, तशी इथं सहसा नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श, बलवंत या नाटक मंडळ्यांचा मुख्य वावर पुणे, मुंबई, सांगली, हुबळी, बडोदा या भागांत होता. पुढे शहरानं नाव काढलं ते गद्य नाटकात. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’, इथूनच निघालेली ‘जिगीषा’ची मंडळी, ही ती परंपरा. गाण्याच्या बाजूनं नाथराव नेरळकरांनी इथं अनेक शिष्य तयार केले. पण घरातून आयता मिळालेला संगीत नाटकाचा वारसा इथल्या रसिकाकडे नसतो. तो त्याला स्वतः जमवावा लागतो, आणि जमवायची एक रीत आहे.

आधी नाटक, मग पद

बहुतेकांची या जगाशी ओळख उलट्या दारानं होते. गणेशोत्सवात ‘नाट्यगीतांचा कार्यक्रम’ होतो, एक गायक एकामागून एक दहा पदं म्हणतो, भैरवी होते, मंडळी घरी जातात. पदं पाठ होतात. ती कुणाच्या तोंडची, कुठल्या अंकातली, कुणाला उद्देशून, हे मात्र कळत नाही. ‘स्वयंवर’मधला यमन ज्याला गुणगुणता येतो त्याला पुष्कळदा हे ठाऊक नसतं की रुक्मिणी मनानं कृष्णाला वरून बसली आहे आणि भाऊ रुक्मी शिशुपालाचं स्थळ पुढे रेटतो आहे. हे ठाऊक झालं की त्याच यमनातला हट्ट ऐकू येतो. तोपर्यंत तो नुसता गोड यमन असतो.

म्हणून नव्या रसिकानं गाणी बाजूला ठेवून नाटकाचं पुस्तक हाती घ्यावं. ते मिळवणं अवघड नाही. किर्लोस्कर 1885 साली गेले, गोविंद बल्लाळ देवल 1916 साली, राम गणेश गडकरी 1919 साली आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे लेखनाचा हक्क संपतो, म्हणजे या चौघांची नाटकं आता सर्वांची आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या प्रतींची छायाचित्रं मिळतात, आणि शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत कपाटाच्या खालच्या खणात ही पुस्तकं अजून सापडतात. पानं पिवळी पडलेली असतात आणि पदांच्या डोक्यावर राग-ताल किंवा ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ती बारीक अक्षरं सोडू नयेत. अर्धा इतिहास तिथंच असतो.

पहिलं पुस्तक ‘शाकुंतल’ नसावं. मान मोठा असला तरी त्यात दोनशेच्या आसपास पदं आहेत आणि आजच्या वाचकाला दम लागतो. सुरुवात ‘सौभद्र’नं करावी. 1882 साली आलेलं हे नाटक महाभारताचं नाव घेतं आणि गोष्ट सांगतं ती एका ब्राह्मणी-मराठा घरातल्या लग्नाच्या कटकटीची. बलरामदादानं सुभद्रेला दुर्योधनाला द्यायचं ठरवलं आहे, पोरीचं मन अर्जुनावर आहे, आणि कृष्ण सगळ्यांना गोड बोलून आपल्याला हवं तेच घडवून आणतो. घटोत्कच येतो, सुभद्रा पळवली जाते, अर्जुन संन्यासी बनून बलरामाच्याच आश्रयाला राहतो. कृष्ण-रुक्मिणीची थट्टामस्करी तर कुठल्याही वाड्यात ऐकू आली असती. यातली पदं लहान आहेत. बरीचशी साकी, दिंडी, कामदा अशा ओळखीच्या वृत्तांत बांधलेली, कीर्तनातल्या आणि बायकांच्या गाण्यांतल्या चाली घेतलेली. किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, त्यामुळे कानडी चालीही हक्कानं येतात. गाणं न शिकलेल्या माणसालाही ती म्हणता येतात, ही ‘सौभद्र’ची मोठी सोय आहे.

दुसरं नाटक देवलांचं. ज्याला हसायचं आहे त्यानं ‘संशयकल्लोळ’ घ्यावं. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, इंग्रजीतून मराठीत आलेली. 1916 साली ते संगीताच्या साजात रंगभूमीवर आलं आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. एक नवरा, एक बायको, एक तसबीर आणि सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. आजही पहिल्या वाचनात लोक हसतात. ज्याला रडायची तयारी आहे त्यानं 1899 सालचं ‘शारदा’ घ्यावं. पैशाच्या लोभानं बाप मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही त्याची गोष्ट. इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. 1929 सालचा बालविवाह प्रतिबंधाचा ‘सारडा कायदा’ या नाटकावरून आला असं बरेच जण ठासून सांगतात. कायद्याला नाव मिळालं ते हरबिलास सारडा या राजस्थानातल्या सभासदाचं. ‘शारदा’नं महाराष्ट्रातली मनं तीस वर्षं आधीपासून तयार केली, ही गोष्ट वेगळी, आणि तिचं श्रेय देवलांना आहेच.

मग खाडिलकर. ‘मानापमान’ 1911 सालचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. ‘स्वयंवर’ 1916 सालचं, संगीत भास्करबुवा बखल्यांचं. इथं रंगभूमीचा नूर बदलतो. भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींचा साचा पदांना दिला, त्यामुळे पद म्हणजे छोटी मैफलच झाली. गवयाला आनंद झाला, नाटकाचं काय झालं यावर तेव्हाही वाद होता आणि आजही घालता येतो. प्रस्तुत लेखकाचा कौल असा, की ‘सौभद्र’ पाहताना माणूस गोष्टीत असतो आणि ‘स्वयंवर’ पाहताना गाण्यात. दोन्ही सुखं खरी आहेत, पण दोहोंची तयारी निराळी लागते. ‘स्वयंवर’कडे जाण्याआधी यमन, बिहाग आणि भीमपलास या तीन रागांतली एकेक साधी बंदिश कानावरून गेलेली असावी. मग रुक्मिणीचं गाणं कुठून उचललं आणि कुठं वळवलं ते समजतं.

तीन मिनिटांत मावलेला तास

बालगंधर्वांचं गाणं आज मिळतं ते जुन्या तबकड्यांवरून. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाट्यगृहात तेच पद वन्समोअर घेत घेत केवढं तरी लांबे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. तेव्हा तबकडी ऐकून ‘हे एवढंच?’ असं म्हणणाऱ्या नवख्याचं फारसं चुकत नाही. त्यात खरखर असते आणि आवाज दुरून येतो. पण ऐकायची एक युक्ती आहे. पहिल्यांदा ऐकताना आवाजाकडे लक्षच देऊ नये, नुसती लय धरावी, बोट गुडघ्यावर ठेवून. शब्द लयीच्या किंचित मागे-पुढे कसा टेकतो ते बोटाला आधी कळतं. दुसऱ्यांदा शब्द ऐकावेत. तिसऱ्यांदा साथ ऐकावी. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष सारंगीवर आणि अहमदजान थिरकवा तबल्यावर होते. नाटक कंपनीच्या पगारावर थिरकवासाहेब ठेका धरून बसत, यावरून त्या काळच्या श्रीमंतीची कल्पना येते. आणि त्या कंपनीच्या कर्जाचीही.

चौथी पायरी तुलनेची. ‘स्वयंवर’मधलं एकच पद निवडून आधी बालगंधर्वांचं ऐकावं, मग जयमाला शिलेदारांचं, मग आनंद भाट्यांचं. 2011 सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांच्या तोंडी भाट्यांचाच आवाज आहे. तीन पिढ्या एका पदात उभ्या राहतात. शिलेदार दांपत्यानं 1949 साली पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकाच्या पडत्या काळात ती जिद्दीनं चालवली. त्यांची मुलगी कीर्ती 2022 साली गेली. तिघांच्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्या की एका घरातून एक कला कशी चालत येते ते कळतं.

गंधर्व गायकी फार गोड वाटली तर उतारा म्हणून मास्टर दीनानाथ ऐकावेत. 1918 साली निघालेल्या बलवंत संगीत मंडळीतला हा आवाज धारदार आणि झेपावणारा आहे, पुढच्या स्वरावर कधी उडी घेईल याचा नेम नाही. ‘रणदुंदुभी’ला चाली दिल्या रामकृष्णबुवा वझ्यांनी, त्या या गळ्याला शोभल्या. त्या वाटेनं चालत रसिक आपोआप वसंतराव देशपांड्यांपाशी पोहोचतो, आणि तिथून ‘कट्यार काळजात घुसली’पाशी.

‘कट्यार’बद्दल एक इशारा. अनेक तरुणांना ती 2015 सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. चित्रपट देखणा आहे, शंकर महादेवन आणि सचिन पिळगावकर त्यात आहेत, त्यानं नाट्यसंगीताला नवे कान मिळवून दिले. तरी तो पाहिला म्हणजे नाटक पाहिलं असं धरू नये. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक 24 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आलं, जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि वसंतरावांचा खाँसाहेब घेऊन. दोन घराण्यांच्या गायकीतला फरक तिथं संवादातून समजावून सांगितलेला नाही, तो गाऊनच दाखवला आहे. एकच पद दोन वेगळ्या अंगांनी येतं, आणि गाण्यातलं काही न कळणाऱ्या प्रेक्षकालाही घराणं म्हणजे काय ते कळून जातं. नाटकाची संहिता आधी वाचून मग ध्वनिमुद्रण ऐकावं. अभिषेकींचं ‘मत्स्यगंधा’ (1964) आणि ‘हे बंध रेशमाचे’ (1968) ही जोडीला घ्यावीत. बालगंधर्वांच्या काळातली तासन्तास चालणारी आलापी अभिषेकींनी कापली आणि पद पुन्हा प्रसंगाच्या मापाचं केलं. एका अर्थी ते ‘सौभद्र’कडे परत गेले.

वाचायचं म्हटलं तर नटांची आत्मचरित्रं कादंबरीला मागे टाकतील अशी आहेत. गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा जीवनविहार’, चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’. ‘बहुरूपी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. कर्ज, रुसवे, पडद्याचं मखमल, रेल्वेचे डबे भरून फिरणारं सामान, 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’, त्यानंतर तीन महिन्यांत ऐन उमेदीत गेलेले केशवराव. तीन पुस्तकांतून एक अख्खं जग उभं राहतं. पावसाळ्याचे चार महिने यांना द्यावेत. वेरूळच्या वाटेवर पर्यटकांची गर्दी असते तेव्हा घरात बसायला हे निमित्त बरं.

प्रयोगाला जाताना

घरच्या तयारीचा खरा उपयोग नाट्यगृहात होतो. शहरात संत एकनाथ रंगमंदिर आहे आणि सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या जाहिरातींवर आणि बुकमायशोवर नजर ठेवावी, पण त्यावर विसंबू नये. संगीत नाटकाच्या प्रयोगाला बहुधा मोठी जाहिरात परवडत नाही. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर जाऊन महिन्याचे कार्यक्रम लिहून आणणं, किंवा तिथल्या माणसाशी ओळख ठेवणं, हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची नाट्यस्पर्धा दरवर्षी होते आणि तिच्यात संगीत नाटकांचा वेगळा गट असतो. ही स्पर्धा म्हणजे रसिकाची चंगळ. आठ-पंधरा दिवसांत लागोपाठ नाटकं, तिकीट नाममात्र. वेगवेगळ्या गावांच्या हौशी संस्था जीव ओतून करतात. काहींचा ऑर्गन बेसूर असतो, काहींचा नारद म्हातारा, आणि मध्येच एखादी विशीतली मुलगी अशी गाते की पुढच्या प्रवेशापर्यंत कुणी बोलत नाही. त्यासाठी रत्नागिरी-सांगलीपर्यंत जावं लागलं तरी सुट्टी काढून जावं. पुण्यात नातेवाईक असतील तर भरत नाट्य मंदिराच्या कार्यक्रमांची चौकशी करून मगच त्यांच्याकडे पाहुणचाराला निघावं. पुणं इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे शनिवारी जाऊन रविवारी परत.

आणि ज्याला एकदाच मोठा प्रवास करायचा आहे त्यानं गोव्यातल्या जत्रा धराव्यात. कार्तिकापासून पुढे गावोगावी देवळापुढच्या मांडवात रात्रभर संगीत नाटक चालतं. गावातलाच कुणी दुकानदार अर्जुन असतो आणि शाळामास्तर कृष्ण. तिथं संगीत नाटक ‘जतन’ केलेलं नाही, ते चालू आहे. हा फरक डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.

दौलताबादकरानं परतीचा विचार आधी करावा. रात्री साडेनऊचा प्रयोग म्हणजे घरी पोहोचायला एक वाजला, आणि त्या वेळी वेरूळच्या रस्त्याला वाहन मिळेलच असं नाही. शक्यतो संध्याकाळचा प्रयोग घ्यावा, किंवा शेजारीपाजारी सहा-सात जणांनी मिळून एक जीप ठरवावी. जाताना जीपमध्येच एकानं नाटकाची गोष्ट सांगावी. जुन्या नाटकाच्या बाबतीत ‘शेवट सांगू नका’ ही आधुनिक भानगड लागू नाही. सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी होणार हे प्रेक्षकाला 1882 सालीही माहीत होतं.

जागा निवडताना मधल्या रांगा बऱ्या. साथीदार परंपरेनं रंगमंचासमोर खाली बसतात, त्यामुळे अगदी पुढे बसलं की ऑर्गन आणि तबला नटाच्या आवाजावर चढतात. भिंतीलगत बसलं तर ध्वनिवर्धकाचा भोंगा कानाशी येतो. पण जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. तिसऱ्या घंटेनंतर पडद्याआडून किंवा पडद्यापुढे नांदी होते. साऱ्या नटमंडळींचे आवाज त्यात एकदा एकत्र ऐकायला मिळतात, कोण कुठल्या पट्टीत आहे याचा अंदाज येतो, आणि प्रेक्षागृहाचे कान एका सुरात लागतात. गाडी लावायला जागा नाही म्हणून नांदीनंतर आत आलेल्या माणसाला पहिला अर्धा तास सूर सापडत नाही. वन्समोअरही जपून द्यावा. गाणाऱ्याला दम आहे का, पुढे त्याला अजून किती गायचं आहे, हे पाहून. पन्नाशीतल्या गायक-नटाला पहिल्याच अंकात तीन वेळा मागे ओढलं तर भैरवीपर्यंत काही उरत नाही.

इतर भाषांतल्या संगीतिकांची ओढ असणाऱ्यांना एक शेजार सुचवावासा वाटतो. ‘शाकुंतल’ पुण्यात झालं त्याच वर्षी लंडनमध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ लागलं होतं. अमेरिकेत गाणं गोष्टीत विणण्याची थोरवी सांगताना 1927 सालच्या ‘शो बोट’चं आणि 1943 सालच्या ‘ओक्लाहोमा!’चं नाव घेतात. ती ऐकावीत, आणि मग ‘सौभद्र’ला बसावं. ब्रेख्तचं 1928 सालचं ‘थ्रीपेनी ऑपेरा’ पु. ल. देशपांड्यांनी 1978 साली ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं, तेही या रांगेत बसतं. आपल्याकडचं ताजं उदाहरण हवं तर 2017 साली आलेलं प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’. दोनच बायका, आवली आणि रखुमाई, आणि नावात अभिमानानं ‘संगीत’.

गावात काय करता येईल

पाहणं आणि ऐकणं पुरेसं वाटेनासं झालं की रसिक करायला बघतो. इथं दौलताबादला एक वारसा हाताशी आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच देवगिरीचे किल्लेदार. नाथ तरुणपणी त्यांच्याकडे इथं राहिले. आणि नाथांची भारुडं म्हणजे सोंग, संवाद, गाणं, टाळ-मृदंग आणि समोर बसलेला गाव. भजनी मंडळात ज्यानं भारूड उभं केलं आहे त्याला संगीत नाटकाची निम्मी विद्या आधीच येते. बोलता बोलता गाण्यात कसं शिरायचं आणि गाणं संपवून पुन्हा बोलण्यावर कसं यायचं, हेच अवघड असतं. गाणं शिकलेल्या शहरी मुलांना तेच जमत नाही. ती पद येण्याआधी थांबतात, घसा साफ करतात, आणि सुभद्रेची गायिका होते.

म्हणून प्रयोगाच्या फंदात न पडता आधी नाट्यवाचन करावं. चार-पाच आवाज, एक पेटी, एक तबला, देवळाचा सभामंडप किंवा शाळेची खोली. ‘सौभद्र’मधला कृष्ण-रुक्मिणीचा एखादा प्रवेश किंवा ‘संशयकल्लोळ’चा पहिला अंक घ्यावा. पहिल्या दोन बैठकांत गाऊच नये. पदंसुद्धा गद्यासारखी अर्थ लावून वाचावीत. ज्या पदाचा अर्थ वाचणाऱ्याला सांगता येत नाही ते पद गाळावं, आणि हाच काटछाटीचा सर्वांत प्रामाणिक नियम आहे. सहा तासांचं नाटक दोन तासांत आणताना लोक लोकप्रिय पदं ठेवतात आणि गोष्ट कापतात, मग प्रेक्षकाला कुणी कुणाला का पळवलं ते कळत नाही. नांदी ठेवावी, प्रत्येक मुख्य पात्राचं ओळख करून देणारं एक पद ठेवावं, ज्या पदात काही तरी घडतं ती ठेवावीत आणि शेवटचं भरतवाक्य ठेवावं. एवढ्यावर नाटक उभं राहतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला ‘शारदा’मधला मैत्रिणींचा प्रवेश चालतो. भाषा सोपी, मुली पुष्कळ, आणि विषय जुना झाला आहे असं मराठवाड्यात तरी अजून म्हणवत नाही.

हक्कांचं भान ठेवावं. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर मोकळे आहेत, पण विद्याधर गोखले, कानेटकर, दारव्हेकर यांच्या नाटकांना हक्कदारांची लेखी परवानगी लागते. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. घरगुती वाचनाला यातलं काही लागत नाही.

पट्टीचा प्रश्न सर्वांना ऐनवेळी आठवतो. गंधर्वांच्या काळी सगळे पुरुषच, त्यामुळे नायक-नायिकेचा स्वर जवळजवळ असे. आता अर्जुन काळी एकमध्ये गातो, सुभद्रा काळी चारमध्ये, आणि दोघांची पदं एकापाठोपाठ येतात. पेटीवाल्यानं दोन पदांमधल्या चार वाक्यांत नवा स्वर धरायचा असतो. त्याला संहितेची प्रत द्यावी आणि तिच्यात प्रत्येक पदाच्या आधीच्या वाक्याखाली लाल रेघ मारून द्यावी. ते वाक्य ऐकू आलं की भाता दाबायचा. भजनी मंडळातला पेटीवाला असेल तर त्याला हेही सांगून ठेवावं, की ध्रुवपद तो नेहमीच्या सवयीनं चार वेळा घोळवेल, पण समोर उभा असलेला बलराम तोपर्यंत हात वर करून ताटकळत राहील.